ह्या वर्षी बांधाक कोण?

शैलाकाकी, पहिलं नाव तुझंच घेते. आपल्याकडे कामाला हात घालताना आधी देवाचं नाव घ्यायचं असतं. मला तुझंच आठवलं, देव काय तो समजून घेईल. नववीत शाळा सोडून कट्टा गावाजवळच्या काजूच्या फॅक्टरीत बसलेल्या मुलीला जिने ओढून कॉम्प्युटरसमोर बसवलं, ती तू. आज ती मुलगी विशाखापट्टणमला माशांच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, तीही तुझ्यामुळे. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं लिहायला हात अडतोय.

तू गेलीस. आयेचा सकाळी फोन आला तेव्हा मी काचेच्या पट्ट्या धूत होते. "रेश्मा, खंय आसंस? बस आधी," ती म्हणाली, आणि मला तिथेच समजलं. आये मला कधी बस म्हणत नाही, ऊठ म्हणते. "काकी गेली गो. झोपेतच गेली. हाल नाय झाले." मी ओल्या हातांनी फोन धरून उभी. मागे कोणीतरी विचारलं, पट्ट्या झाल्या का, तर मी हो म्हटलं. रजा मागितली असती तरी दोन दिवसांचा प्रवास, तू काही तेवढी थांबली नसतीस. उद्या तुझं तेरावं. आये जाणार आहे, तुझ्या आवडीची वाल घालून केलेली भाजी घेऊन. मी इथे समुद्रावर जाऊन आले. इथे सूर्य समुद्रातून वर येतो, काकी. दोन वर्षं झाली तरी मला ते उलटंच वाटतं. संध्याकाळी पाणी नुसतं काळं होत जातं आणि सूर्य पाठीमागे, कुठेतरी तुमच्या बाजूला बुडतो.

पेपरात तुझं छापून आलं. आयेने फोटो काढून पाठवला. तू कुठे शिकलीस, मुंबईत किती वर्षं नोकरी केलीस, मागे कोण कोण, सगळं आहे. तुझ्या प्रोग्रॅमचं, 'खडो'चं, नाव नाही. त्यातलं मला काहीच सांगायचं नाही, कारण त्यातल्या त्या बाईंना मी ओळखत नाही. मला ओळखीची आहे ती फॅक्टरीच्या दारात उभी राहून माझ्या हातांकडे बघणारी.

मी काजूगर निवडत होते. अख्खा एकीकडे, पाकळी एकीकडे, तुकडा तिसरीकडे. तोंडाने शेजारणीशी गप्पा चालू. तू पिशवी घेऊन आली होतीस ती काजू घ्यायचे विसरून उभी राहिलीस.

"बघल्याशिवाय कसा गो कळता तुका?"

"बघतंय मी. दिसत नाय तुमका इतक्याच."

तू हसलीस. "आयतवारी माज्याकडे ये. खडे निवडूचे आसत."

मला वाटलं तांदळातले. मी सूपसुद्धा घेऊन आले होते, आठवतं? तू सूप बघितलंस, हसली नाहीस, आणि दुपारी त्याच सुपात मला शेंगा दिल्यास सोलायला.

ते खडे ढोमी माशाच्या डोक्यातले होते. जेवताना आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो ते, पांढरे, शिंपल्याच्या तुकड्यासारखे. माशाच्या कानातला खडा. तो कापायचा, बारीक पॉलिशपेपरवर घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, की आत झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात. वर्तुळं मोजली की माशाचं वय. मी तोवर शेकडो ढोम्या खाल्ल्या होत्या आणि एकीचंही वय विचारलं नव्हतं. "वय कित्याक व्हया?" मी विचारलं, तर तू म्हणालीस, "दर्यातसून आपण म्हातारे काढतो की पोरा काढतो, ता कळूक नको?"

फोटोवरून ती वर्तुळं मोजणारा प्रोग्रॅम तू लिहिला होतास आणि त्याचं नाव 'खडो' ठेवलं होतंस. तो तू उघड्यावर ठेवलास. कोणीही घ्यावा, आतलं सगळं वाचावं, चुकलं असेल तर दुरुस्त करून परत द्यावं. मला ते पटलंच नव्हतं. फॅक्टरीत तर निवडायची चाळणसुद्धा मालक कुलपात ठेवायचा. तू म्हणालीस, "बाव खणलंय, आता रहाटाक कुलूप कित्या लावू?" किती तरी देशांतली माणसं त्या विहिरीवर येत होती. त्यातली एक तुला नेमाने लिहायची, दूरच्या थंड समुद्राकाठची संशोधक, आपल्या ढोमीच्याच जातीतला कुठलासा मासा अभ्यासणारी. तिचं खरं नाव मला उच्चारता येईना म्हणून आपण तिला ढोमीवाली म्हणायचो.

माझं काम काय होतं? तू लिहिलेल्या सूचना वाचायच्या आणि कुठे अडलं ते सांगायचं. मला वाटायचं, तू माझ्यावर दया करून काहीतरी काम काढलंयस. मी तसं बोललेही. तू चिडलीस. "मोठे शिकलेले लोक अडले तरी सांगत नाय. लाज वाटता त्यांका. तू नववीतसून सुटलंस, तुका लाज नाय." मग जरा थांबून, "तुका समजला नाय, तर माजा चुकला. इतक्या सोप्या आसा." माझ्या जन्मात कोणी माझ्या न समजण्याला चांगलं म्हटलं नव्हतं. शाळेत तर नाहीच.

आणि मग मी ती चूक केली.

तू मला फोटोंचा एक ढीग दिला होतास. प्रत्येक मासा कधी पकडला ती तारीख लिहिलेली, शेजारी मी वय लिहायचं. त्यावरून 'खडो' शिकणार होता. वर्ष बदललं की वय एकाने वाढवायचं, एवढंच तू सांगितलंस. मी वाढवलं. नारळी पौर्णिमेला. माझे मामा होडीवाले. दर्याला नारळ दिला की नवं वर्ष, पावसाच्या आधीचे दिवस मागच्या वर्षातले, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं, शिकवायची गरजच नव्हती. जानेवारीत काही बदलतं ते भिंतीवरचं कॅलेंडर. समुद्राचं काय बदलतं?

काही महिन्यांनी ढोमीवालीचं पत्र आलं. जानेवारीपासून पुढच्या अर्ध्या वर्षात पकडलेले तिचे मासे एकेका वर्षाने लहान निघत होते, आणि ते अर्धं वर्षही दर साली वेगळ्या दिवशी संपत होतं. तिला कळेना, आजार कुठे आहे. तू दोन दिवस शोधलंस आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलंस, "गो, वरीस कधी बदललंस तू?" मी सांगितलं. तू डोक्याला हात लावलास. "अगो, पुनव दर वर्साक सरकता!"

मी त्या दिवशी घरी गेले ती परत आलेच नाही. मला वाटलं, झालं, आता हिला कळलं मी कोण ते. आठ दिवसांनी तू एसटीने कट्ट्याला उतरलीस आणि विचारत विचारत आमच्या वाडीत आलीस. घरात कोणी नव्हतं. सगळे व्हाळावर होते, ओढ्याच्या पाण्याला बांध घालायला.

तो दिवस मला पुन्हा पुन्हा आठवतो. पाऊस सरून वायंगणाच्या, उन्हाळी भाताच्या तयारीचे दिवस. घरटी एक माणूस, दगड, माती, झाडाचा पाला. तू काठावर येऊन उभी राहिलीस, हातात बांगडे भरलेली पिशवी. मी तोंड लपवायला खाली वाकले, तर तू वरूनच ओरडलीस, "चूक झाली म्हणान पळालंस होय? मी चूक मेळली म्हणान बांगडे घेऊन इलंय!" सगळा व्हाळ हसला. आये म्हणाली, "ह्याच काय गो तुजी काकी?" मग तू पिशवी फांदीला अडकवलीस, पदर खोचलास आणि दगड द्यायला रांगेत उभी राहिलीस.

बांधाचं काम करताना तू आयेला विचारत होतीस. किती टिकतो? पाऊस येईपर्यंत. मग? मग वाहून जातो. दर वर्षी? दर वर्षी. मी मध्ये तोंड घातलं. "काकी, सिमेंटचो घातलो की कटकट मिटात." तर आयेनेच मला गप्प केलं. वरच्या वाडीत घातला होता सिमेंटचा. फळ्या बसवायच्या खाचा केलेल्या. पहिली दोन वर्षं मजेत गेली, मग फळ्या कोणी बसवायच्या यावर अडलं, आणि शेवटी फळ्या कोणाच्या तरी गोठ्याला लागल्या. आता पाणी खाचांतून वाहून जातं. "आमका निदान म्हायत आसा की हो जातलो," आये म्हणाली. "म्हणान आमी येतो."

तू दगड हातात धरून तशीच उभी राहिलीस. पुढचा माणूस म्हणाला, "ओ बाई, देवा तो." तू दिलास. मग मला म्हणालीस, "बांध रवलो नाय तरी चलता गो. येणारी माणसा रवाक व्हयी."

जाताना एसटीच्या थांब्यावर तू मला समजावलंस की 'खडो'पण व्हाळातच उभा आहे. तो ज्या दुसऱ्या प्रोग्रॅमांच्या जिवावर चालतो ते दर वर्षी बदलतात, खालून वाळू सरकते तसे. न बघता ठेवला तर दोन वर्षांत पडेल. नवीन काही करायला शास्त्रज्ञांना हुरूप असतो, पडलेला दगड परत लावायला कोणी येत नाही, त्याबद्दल कोणाचं नावही छापून येत नाही. तू हे रागाने नाही बोललीस. बोलता बोलता रस्त्यापलीकडच्या दुकानातून खाजं घेतलंस, आणि मला पुड्यातलं थोडं देऊन बाकी सगळं तूच संपवलंस.

त्या चुकीचं तू काय केलंस ते मी आजवर कितीजणांना सांगितलं असेल. तू ती पुसली नाहीस. 'खडो' सुरू केला की आता तो पहिला प्रश्न विचारतो: तुमच्या समुद्राचं वर्ष कधी सुरू होतं? ढोमीवालीने लिहिलं, आमचं थंडी सरल्यावर सुरू होतं, आणि हे मला आजवर कुठल्याच प्रोग्रॅमने विचारलं नव्हतं. तू ते पत्र मला मालवणीत वाचून दाखवलंस, तिच्या तोंडी 'गो' घालून.

त्याच आठवड्यात तू 'खडो'मध्ये एक पान वाढवलंस. वर लिहिलंस, 'ह्या वर्षी बांधाक कोण?' आणि खाली वर्षाप्रमाणे नावं. त्या वर्षी सांभाळण्याची पाळी कोणाची. पहिल्या वर्षापुढे तुझं, दुसऱ्यापुढे तुझं, आणि तिसऱ्यापुढे, मला न विचारता, माझं.

आता जे आपण कधीच बोललो नाही ते बोलते. 'खडो'त केलेला प्रत्येक बदल नोंदला जातो, कोणी केला, कधी, आणि एका ओळीत का. तू गेल्यावर मी त्या नोंदी पहिल्यापासून वाचल्या. दोन बायकांचं भांडण आहे नुसतं.

रेश्माचा नाव घातला.

नाव काढलं. मला जमणार नाही.

घातला.

काढलं.

घातला. भांडू नको.

काढलं. शेजारी 'आठवी पास' असं लिहू का?

घातला. लिही.

आणि हे चालू असताना आपण रोज समोरासमोर बसून चहा पीत होतो! तू एका शब्दाने कधी विषय काढला नाहीस. मीही नाही. मला भीती वाटायची, काकी. तिकडे नावापुढे पदव्यांच्या रांगा असलेली माणसं, आणि त्यांच्या कामाची जबाबदारी माझ्यावर? माझ्या एका चुकीने कोणाचे मासे एक वर्ष लहान झाले होते. उद्या मी आणखी काय करून ठेवीन, आणि ते धरून कोणी ठरवलं की इतके मासे काढायला हरकत नाही, तर? तू म्हणायचीस चूक मेळली की बरी. मला वाटायचं, न मिळालेल्या चुकांचं काय?

इथली नोकरी लागली आणि सावंतवाडीच्या स्टँडवर तू मला पोचवायला आलीस, त्या दिवशी सकाळीच मी फोनवरून माझं नाव शेवटचं काढलं होतं. तुला कळलं होतं. तू मात्र बोललीस ती थंय भात कसला मिळतो, पाणी उकळून पी, आणि आंबोलीच्या वळणांवर लिंबू हुंगत रहा. कापसात गुंडाळलेल्या चार खड्यांची आगपेटी हातात दिलीस. गाडी निघाली तरी तू हात हलवला नाहीस. कमरेवर हात ठेवून बघत राहिलीस, फॅक्टरीच्या दारात बघत होतीस तशी.

इथे आल्यावर मी ते पान उघडलंच नाही. फोनवर तू विचारायचीस, जेवलंस काय. मी विचारायचे, तू बरी आसंस मा? "माका काय धाड भरलीहा?" तू म्हणायचीस.

तू जायच्या आदल्या आठवड्यात इथल्या लॅबमध्ये 'खडो' बंद पडला. खालचं काहीतरी बदललं होतं. तू अजून दुरुस्त कसा केला नाहीस, असं माझ्या मनात आलं, आणि तरी मी फोन केला नाही. म्हटलं, आठवड्याने करू. सर सगळ्यांना म्हणाले, "फ्री की चीज़ है, एक दिन बंद होनी ही थी. दूसरा देख लेंगे." मी तिथेच होते, पट्ट्या पुसत. इथे कोणाला माहीत नाही की त्या पहिल्या प्रश्नामागे मी आहे. सरांच्या मागच्या शोधनिबंधात कॅमेऱ्याचे आभार होते, होडीवाल्यांचेही होते. 'खडो'चे नव्हते. मी गप्प राहिले. ते सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि मग माझं.

मग आयेचा फोन. त्याच्या तिसऱ्या दिवशी ढोमीवालीचं पत्र 'खडो'च्या निरोपांच्या चौकटीत आलं, सगळ्यांना दिसेल असं. तिचा यंदाचा मोसम संपत आलाय, मासे कापून ठेवलेत, लहान मासे वाढताहेत का ते तिला तिथल्या कोळ्यांना सांगायचंय. शेवटी एकच ओळ: कोणी आहे का?

तेव्हा मी ते पान उघडलं. ह्या वर्षापुढे माझं नाव होतं. मी काढलं होतं, आणि होतं. नोंद बघितली. तू जायच्या चार दिवस आधीची.

'परत घातलंय. ह्या वेळी काढू नको गो. माका उठवत नाय.'

हाल नाय झाले, असं आये म्हणते. तिला मी हे सांगितलेलं नाही.

काकी, मी काढलं नाही. तू शिकवलंस तसं आधी मालवणीत लिहिलं, मग मराठीत, मग मशीनकडून इंग्रजीत करून पुन्हा पुन्हा वाचलं. लिहिलं, की मी आहे. मी आठवी पास आहे. शैलाकाकी गेली. मला सूचना लिहिता येतात, फोटो निवडता येतात, बारीकसारीक दुरुस्त करता येतं, त्याहून मोठं येत नाही. आमच्याकडे बांध घालायच्या आदल्या दिवशी एकजण घरोघर हाक मारत जातो. मी ती हाक मारते आहे. ज्यांनी ज्यांनी ह्या पाण्यावर शेत केलं त्यांनी घरटी एक माणूस, एक दिवस पाठवावा.

ढोमीवालीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पहिल्या दोन ओळी तुझ्याबद्दल होत्या, त्या माझ्याकडेच ठेवते. मग, तिचा एक विद्यार्थी दर गुरुवारी तुमचा. आणखी दोन ठिकाणांहून माणसं आलीत. बाकी खूपजणांनी पाणी नेलं आणि उत्तर दिलं नाही. असू दे, आमच्या वाडीतही बांधाच्या दिवशी काहीजणांची कंबर धरतेच.

आणि मी सरांकडे गेले. हातातली पट्टी बाजूला ठेवली. म्हटलं, "सर, वो बंद नहीं हुआ है. रिपेयर चल रहा है."

"तुम्हें कैसे पता?"

"मेरा नाम है उसमें."

त्यांनी उघडून बघितलं. माझ्या नावापर्यंत खाली आले. मग समोरची खुर्ची दाखवून मला बसा म्हणाले. मी बसले. लॅबमधून एक माणूस, एक दिवस मागितला. बघू म्हणालेत.

'खडो' अजून उभा राहिलेला नाही. जुन्या फोटोंतले निम्मे बरोबर मोजतो, बाकीच्यांत कडेचं वर्तुळ खातो. ते का, हे त्या गुरुवारच्या मुलाला अजून कळलेलं नाही, पण कुठला फोटो चुकला ते मला न मोजता दिसतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, डोळे बघ चेडवाचे. म्हण ना.

तुझे उपकार मी एक दिवस फेडीन, काकी. कसे, तेही ठरवलंय. शाळेतून सुटलेली, लाज नसलेली, काहीतरी न बघता निवडणारी कोणीतरी मला भेटेल. पाऊस सरल्यावर गावी येईन तेव्हा व्हाळावर भेटेल, नाहीतर इथल्या धक्क्यावर कोळंबी सोलताना. सूप घेऊन आली तरी हसणार नाही. आणि त्या पानावर माझ्या नावाखाली, तिला न विचारता, तिचं नाव घालीन. ती काढील. मी परत घालीन.